नॉर्मल रिपोर्ट आल्यानंतर

छातीत धडधडतंय म्हणून इस्पितळात गेलेल्या माणसाच्या हातात नॉर्मल ईसीजी पडला, तर त्याने वाटेत पावशेर कुंदा घेऊन घरी यायला पाहिजे. मी तो कागद घडी करून खिशात घातला आणि रात्री सगळे झोपल्यावर पुन्हा उघडून बघितला. मशीन बिघडलेलं असलं तर? घाईत दुसऱ्याचा कागद मला दिला असला तर? हृदयाचं काही असतं तर त्यावर औषध होतं, ऑपरेशन होतं, चार लोकांना सांगायला नाव होतं. ‘काही नाही’ या निदानाबरोबर मी एकटाच उरलो होतो.

बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या भागातल्या एका मशीन शॉपमध्ये मी क्वालिटी बघतो. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर आमच्याकडे मशीनिंग होतं. हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉड्या, पंपांची कव्हरं, असला माल. बोअर गेज आणि मायक्रोमीटर घेऊन दिवसभर मोजायचं, पास का रिजेक्ट ते सांगायचं, रजिस्टरला लिहायचं. घर वडगावात. वडील विणकर होते, त्यामुळे मागाच्या खडखडाटात झोपायची आणि अभ्यासाचीही सवय. आवाजाने, गर्दीने, कामाच्या रेट्याने मी कधी घाबरलोय असं घरात कोणी म्हटलं नसतं.

पावसाळ्यातली गोष्ट. पुण्याच्या गिऱ्हाईकाने एक पूर्ण लॉट परत पाठवतोय असं कळवलं. कास्टिंगच्या पोटातच बारीक छिद्रं होती, मशीनिंगचा शेवटचा हात फिरल्यावर उघडी पडणारी. दोष कोणाचा यावर मालक, फाउंड्रीवाले आणि गिऱ्हाईक यांचे फोन दिवसभर चालले होते आणि प्रत्येक फोनच्या मध्ये मी. संध्याकाळी गाडी काढली. तिसऱ्या रेल्वे गेटपाशी ट्रॅफिक अडलं, वरून पाऊस, आणि तिथे ते आलं. छाती इतकी जोरात वाजायला लागली की रेनकोटच्या आतून दिसेल असं वाटलं. बोटांना मुंग्या, तोंड कोरडं, डोकं हलकं. आणि या सगळ्याच्या वर एक अगदी स्पष्ट खात्री, की आपण आत्ता मरणार. गाडी कशीबशी कडेला लावली. औषधाच्या दुकानातल्या पोराने पाणी दिलं आणि शुगर उतरली असेल म्हणून चॉकलेट दिलं. पंधरा-वीस मिनिटांत सगळं ओसरलं. मग इस्पितळ, मग तो कागद.

घरी आईने मीठ-मोहरीने दृष्ट काढली. त्याला मी नाही म्हटलं नाही, आणि खरं सांगतो, त्या दोन मिनिटांत बरं वाटलं. कोणीतरी आपल्यासमोर बसून आपल्याकडेच बघतंय, हेही कमी नसतं. मेहुणा आला आणि म्हणाला, “टेन्शन घेऊ नको की रे.” हे वाक्य पुढे मी इतक्या तोंडांतून ऐकलं की त्याच्यावर एक स्वतंत्र लेख होईल. घेऊ नको म्हणजे काय? मी ते काय गणपत गल्लीत जाऊन पिशवीतून आणत होतो?

त्यानंतरचे काही महिने मी त्या गेटाकडे फिरकलोच नाही. अनगोळच्या आतल्या रस्त्यांनी जायचं, दहा मिनिटं जास्त लागली तरी चालतील. मीटिंगमध्ये टेबलाखाली डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटं ठेवून नाडी मोजायची. एकट्याने लांब जायचं नाही. चहाचे कप मात्र वाढत गेले, कारण रात्री झोप नाही म्हणून दिवसा चहा, आणि चहामुळे रात्री झोप नाही. बायकोला सगळं कळत होतं. ती बोलायची नाही, फक्त मी बाथरूममध्ये जास्त वेळ राहिलो की बाहेरून कडी वाजवायची.

शेवटी आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी बसवून घेतलं. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घेतलं, कारण थायरॉईड वाढला तरी अशीच धडधड होते. ते रिपोर्टही नॉर्मल. मग म्हणाले, “हे हृदयाचं नाही. पण खोटंही नाही.” या दुसऱ्या वाक्यावर मी मानसोपचाराच्या ओपीडीची चिठ्ठी घेतली, नाहीतर घेतली नसती.

सरकारी ओपीडीच्या बाकावर बसणं हे या सगळ्यातलं सगळ्यात अवघड काम होतं. ओळखीचं कोणी दिसलं तर सांगायला मी आईच्या गुडघ्याचं कारण तयार ठेवलं होतं. नर्सने “एन आगेद?”, म्हणजे काय झालंय, म्हणून विचारलं आणि माझं कन्नड तिथेच संपलं. मला कन्नड येतं, पण ते कामाचं कन्नड आहे. माल आला का, गाडी कधी, नाळे बर्री म्हणजे उद्या या. पोटात खड्डा पडतो हे कन्नडमध्ये सांगायची वेळ आयुष्यात कधी आली नव्हती. डॉक्टर आणि समुपदेशक बाई दोघीही कन्नड घरातल्या, पण बेळगावात राहणाऱ्याला असतं तेवढं मराठी दोघींना होतं. बाईंचं तर हेल काढून बोलणं ऐकून मला माझी वडगावातली शेजारीण आठवायची.

त्यांनी पहिल्यांदा एक छोटी प्रश्नावली भरून घेतली, जीएडी-७ नावाची. सात प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २१. पाचपासून सौम्य चिंता, दहापासून मध्यम, पंधरापासून तीव्र. मी मोजमापाचा माणूस, त्यामुळे कोणीतरी भीतीलाही गेज लावतंय हे बघून अर्धा धीर तिथेच आला. डॉक्टरांनी लगेच बजावलं की हा आकडा म्हणजे निदान नव्हे, निदान बोलण्यातून होतं. माझा आकडा मध्यम आणि तीव्रच्या सीमेवर होता. सीमेवरच असायचा, बेळगावचा माणूस.

मग गेटापाशी नेमकं काय झालं ते त्यांनी उलगडून सांगितलं. धोका आहे असं मेंदूला वाटलं की ॲड्रिनलिन सुटतं, हृदय जोरात चालतं, श्वास भराभर होतो. पण पळायचं कुठेच नसतं, माणूस गाडीवर नुसता बसलेला. भराभर श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात, त्याने डोकं हलकं होतं. बोटांच्या मुंग्याही त्यातूनच येतात. म्हणजे हवा कमी पडतेय असं वाटत असतं तेव्हा माणूस खरं तर जास्त हवा घेत असतो. असा झटका सहसा दहाएक मिनिटांत टोकाला जातो आणि उतरायला लागतो. मी रस्ता बदलून जात होतो त्याबद्दल त्या म्हणाल्या, “तुम्ही प्रत्येक वेळी वळसा घालता तेव्हा शरीराला शिकवता की ती जागा खरंच धोक्याची आहे.” गोळी सुरू झाली. परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतील, सुरुवातीला मळमळेल, आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायची नाही, हे सांगितलं. मळमळलं. बाकी सांगितल्याप्रमाणेच झालं.

दर आठवड्याला समुपदेशक बाईंकडे जायचं ठरलं. त्यांनी माइंडफुलनेसबद्दल सांगितलं, म्हणजे आत्ता जे होतंय त्याकडे नुसतं लक्ष द्यायचा सराव. १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात आठ आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला. जुनाट दुखण्यांनी गांजलेले, औषधांनी फारसा फरक न पडलेले रुग्ण त्यात यायचे. मुळात बौद्ध ध्यानातली पद्धत, धर्माचा भाग बाजूला ठेवून दवाखान्यात आणलेली. मला वाटलं, आमच्याकडचंच तिकडे जाऊन कोर्स होऊन परत आलं की! बाई हसल्या आणि म्हणाल्या, “आधी करून बघा, मग कोणाचं ते ठरवा.”

करून बघितलं. डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या, बदलू नका, नुसतं बघा. मी नाकपुडीपाशी लक्ष नेलं आणि तिथे नेलं म्हणूनच पुढचा श्वास येतोय की नाही याची काळजी सुरू झाली. आत घेतलेला पुरेसा आहे काय? बाहेर गेला तो सगळा गेला काय? दोन मिनिटांत छाती वाजायला लागली आणि मी डोळे उघडले. घरीही तेच. ज्या गोष्टीने शांत व्हायचं तिनेच धाप लागतेय, म्हणजे आपण त्यातही रिजेक्ट, असं वाटून मी पुढच्या वेळी जाणारच नव्हतो. बायकोने रजेचा अर्ज स्वतः लिहून माझ्या डब्याच्या पिशवीत ठेवला होता, म्हणून गेलो.

बाईंना याचं काहीच नवल वाटलं नाही. ज्यांना असे झटके येतात त्यांना बऱ्याचदा श्वासाचीच भीती बसलेली असते, त्यामुळे श्वासावर लक्ष दिलं की भीतीवरच लक्ष दिल्यासारखं होतं, असं त्या म्हणाल्या. “श्वास सोडून द्या. डोळे उघडे ठेवा. चपला काढा.” आणि लक्ष तळपायांवर नेलं.

ध्यानाबद्दल जे जे ऐकलं-वाचलं त्यात श्वास, श्वास आणि श्वास. तो ज्यांना जमत नाही ते माझ्यासारखे निमूट उठून जातात आणि आपल्याला ध्यान जमत नाही असं आयुष्यभर सांगत राहतात. म्हणून तळपायांबद्दल जरा सविस्तर सांगतो.

आमच्या स्वयंपाकघरात शहाबादी फरशी आहे. पावसाळ्यात ती ओलसर, गार असते. सकाळी घरात कोणी उठायच्या आधी तिथे उभं राहायचं. वजन टाचेवर जास्त आहे का चवड्यावर? डाव्या पायावर का उजव्या? फरशीचा सांधा कुठल्या बोटाखाली येतोय? गारवा पूर्ण तळव्याला लागतोय का मधली कमान सुटलीय? हे प्रश्न माझ्या कामातले वाटले, मोजायचे, तपासायचे. उत्तर बरोबर यायची सक्ती नव्हती. मग बाहेरचे आवाज. शेजारच्या घरातला माग सुरू झाला, कुठेतरी कुकरची शिट्टी, रेल्वेचा भोंगा. आवाज चांगला का वाईट ते ठरवायचं नाही, आला एवढं टिपायचं. मन सरळ कंपनीत पळायचं, पुण्याच्या लॉटवर, मालकाच्या चेहऱ्यावर. पळालं हे लक्षात आलं की परत टाचेवर आणायचं. मला वाटायचं मन पळालं म्हणजे ध्यान मोडलं. बाई म्हणाल्या, पळालं हे कळलं तोच खरा व्यायाम, बाकी नुसतं उभं राहणं.

आणखी एक सूचना त्यांनी पुन्हा पुन्हा दिली. हे चांगल्या वेळी करायचं. झटका आल्यावर पहिल्यांदा करून बघायला गेलं तर हाती लागत नाही. त्यामुळे मशीनपाशी उभा असताना सेफ्टी शूजच्या आत पायाची बोटं हलवून बघ, बसस्टॉपवर बघ, बँकेच्या रांगेत बघ. सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत फिरायला जायचो, तिथे काही पावलं अगदी सावकाश टाकायची, टाच टेकली, चवडा टेकला, पाय सुटला. ट्रॅकसूटवाले मला ओलांडून जायचे. एका ओळखीच्या मास्तरांनी थांबून विचारलं, “पायाला लागलंय काय?” होय म्हटलं, मुरगळलाय.

शरीरभर लक्ष फिरवण्याचा दुसरा एक प्रकार असतो, आडवं पडून अंगठ्यापासून डोक्यापर्यंत. तो मी रात्री करायचो आणि गुडघ्याच्या वर कधीच पोचलो नाही. घोरायला लागायचो. बायकोच्या मते हे सगळ्यात उपयोगी ध्यान.

दुसरं काम वहीचं. बाईंनी भावना लिहून आणायला सांगितल्या, तेव्हा मला डायरी वगैरे लिहायचा संकोच वाटला. मग मी कंपनीतल्या रिजेक्शन रजिस्टरसारखेच रकाने आखले. वेळ. जागा. शरीरात कुठे. किती, शून्य ते दहा. त्याच्या आधी काय घडलं. मनात आलेलं वाक्य, जसंच्या तसं. आमच्याकडे एक नियम आहे, मोजणाऱ्याने जॉब, म्हणजे हातातला नग, दुरुस्त करायचा नाही. गेज लावायचं, आकडा लिहायचा, पुढचा जॉब. हा नियम मी वहीला लावला आणि तिथून मला जमायला लागलं. कारण तोवर मी प्रत्येक धडधड दुरुस्त करायला धावत होतो.

काही नोंदी गमतीच्या निघाल्या. एकदा दारात कन्नडमधलं सरकारी पाकीट पडलं. मला कन्नड अक्षरं लावत लावत वाचावी लागतात, आणि तेवढ्या वेळात मनाने घर जप्तीपर्यंतचा प्रवास उरकला. छाती, सहा. शेजारच्या मुलीने वाचून दाखवलं, पाणीपट्टीचं होतं. चहाचं तर रजिस्टरनेच सिद्ध केलं. दुपारी दोननंतरच्या नोंदींच्या आधीच्या रकान्यात इतक्यांदा ‘चहा’ आला की डॉक्टरांना काही सांगावंच लागलं नाही. कॅफिननेही हृदय वेगाने चालतं आणि माझं शरीर त्यालाच संकट समजत होतं. दुपारनंतरचा चहा सोडला. हे मात्र सोपं नव्हतं, उद्यमबागेत चहाला नाही म्हणणं म्हणजे भांडण काढणं.

पण एक नोंद वारंवार येत होती आणि ती रकान्यांत नीट बसत नव्हती. रविवारी सकाळी, घरात निवांत असताना, आकडा सात. कंपनी बंद, चहा एकच, पाकीट नाही. आधी काय घडलं, तर थोरल्या भावाचा फोन. शरीरात कुठे, तर छातीत नव्हे. जबड्यात. दात एकमेकांवर दाबलेले आणि उजव्या हाताची मूठ. मी तिथेही ‘भीती’च लिहीत होतो, कारण सगळ्यालाच मी तेव्हा भीती म्हणत होतो.

बाईंनी ती पानं माझ्यापुढे ठेवली. गेटापाशीची भीती कुठे होती? छातीत, बोटांत, पायांत बळ नाही. आणि ही? जबडा, मूठ, कान गरम. “ही तीच आहे काय?” मी गप्प बसलो. मग वाक्याचा रकाना वाचला. मी लिहिलं होतं, ‘दरवेळी मलाच का.’ हे घाबरलेल्या माणसाचं वाक्य नव्हतं.

येळ्ळूर शिवारात आमची थोडी भाताची जमीन आहे. आजोळाकडून आईच्या वाट्याला आलेली, आता आम्हा दोघा भावांच्या नावावर. बासमतीचा वास येतो त्या बाजूला हंगामात, ज्यांनी अनुभवलाय त्यांना सांगायला नको. थोरल्याला ती विकायची होती. तो दर रविवारी फोन करायचा आणि मी दर रविवारी “बघूया की” म्हणायचो. वडील गेल्यावर त्यानेच मला शिकवलं, आयटीआयची फी त्याने भरली. त्याच्यावर रागवायचा अधिकार आपल्याला आहे हेच माझ्या डोक्यात नव्हतं. मग तो राग फोन ठेवल्यावर जबड्यात बसायचा आणि सोमवारी कंपनीत छातीतून निघायचा. भावनेला नेमकं नाव दिलं तर तिची धग उतरते, असं मेंदूच्या स्कॅनच्या अभ्यासांतही दिसलंय म्हणे. माझी धग लगेच उतरली नाही. उलट ‘राग’ हा शब्द भावाच्या नावापुढे लिहिला त्या रात्री झोप लागली नाही. पण त्यानंतर रविवारची नोंद भीतीच्या नावाने कधी पडली नाही.

लिहून काय झालं, तर पुढच्या एका फोनवर मी तळपाय फरशीवर टेकवून, जबडा सैल सोडून सांगितलं, “दादा, आई आहे तोवर मी सही करणार नाही.” आवाज चढवला नाही. तो काही क्षण बोलला नाही आणि मग फोन ठेवला. त्या वर्षी गणपतीला तो जेवायला आला नाही. आई दोन दिवस माझ्याशी तुटक बोलली. माइंडफुलनेसने नाती गोड होतात असं सांगणाऱ्यांनी हेही सांगावं, की स्वतःला काय वाटतंय ते एकदा कळलं की पहिल्यासारखं ‘बघूया की’ म्हणून सुटता येत नाही.

गणपतीचाच विषय निघाला म्हणून विसर्जनाचं सांगतो. बेळगावची विसर्जन मिरवणूक म्हणजे अनंत चतुर्दशीला निघते ती दुसऱ्या दिवशीही चालूच असते. कपिलेश्वर तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मी पोरांना घेऊन उभा होतो. डीजेची गाडी समोर आली आणि तो ठोका थेट बरगड्यांत. बाहेरचा ठोका कुठला आणि आतला कुठला, कळेना. गर्दी पुढे-मागे बंद. पहिलं वाक्य आलं, इथून बाहेर पड. मी चपलेतून अंगठा बाहेर काढून डांबरावर टेकवला. रस्ता गरम होता, गुलालाची बारीक कचकच. टाच. चवडा. छाती वाजतेय, आठ. वाजू दे. मुंग्या यायला लागल्या, त्या येणारच, का येतात ते ठाऊक आहे. श्वास मुद्दाम मोठा घेतला नाही, फक्त सोडताना जरा लांबवला. धाकटीने हात ओढून विचारलं, “बाबा, तो गणपती केवढा?” आणि तिला उंची सांगताना माझ्या लक्षात आलं की मी मनात फुटांचा हिशेब करतोय. आकडा पाचवर आला होता. शून्य झाला नाही. ढोलपथक गेलं, आणखी दोन मंडळं गेली, मग पोरं पेंगायला लागली म्हणून घरी निघालो. वहीत त्या रात्री लिहिलं, ‘घरी आलो. कारण: पोरांची झोप.’ बाहेरच्याला यात काही वाटणार नाही. मला त्या कारणाचं अप्रूप होतं.

रात्रीच्या विचारांसाठी वेगळा उपाय होता. संध्याकाळी सातला गच्चीवर वीस मिनिटं काळजी करायची, वही घेऊन, ठरवून. दिवसभरात काळजी आली की तिला सांगायचं, सातला ये. झोपायच्या आधीची वेळ नको. कागदाच्या एका बाजूला ज्याचं आपण काही करू शकतो ते, दुसऱ्या बाजूला उरलेलं. पहिल्या बाजूच्या एका गोष्टीपुढे उद्या काय करायचं एवढं लिहून उठायचं. बायको खालून ओरडायची, “अहो, ऑफिस उघडलं काय? आज किती गिऱ्हाईक?” सातला बसल्यावर सकाळच्या निम्म्या काळज्या आठवायच्याच नाहीत. उरलेल्या निम्म्या खऱ्या असायच्या, आणि त्यातल्या एकीचा तरी फोन नंबर असायचा.

लोकांनी दिलेल्या सल्ल्यांपैकी एकाबद्दल बोलायला पाहिजे. कंपनीतल्या एका मित्राने हातकणंगल्याजवळ आळत्याच्या विपश्यना केंद्रात दहा दिवस जाऊन ये म्हणून लकडा लावला होता. त्याला स्वतःला फार उपयोग झाला होता आणि त्याची कळकळ खरी होती. डॉक्टरांनी सांगितलं, आत्ता नको. झटके चालू असताना दहा दिवस मौनात, दिवसाला दहा-दहा तास बसणं काहींना झेपत नाही. केंद्राच्या अर्जातही मानसिक आजार आणि औषधांबद्दल विचारतात, ते उगीच नव्हे. तोच मित्र म्हणायचा की गोळी ही कुबडी आहे. मला हे वाक्य पटलं नाही. गोळीने झोप लागायला लागली, झोप झाली म्हणून सकाळी फरशीवर उभं राहायचं सुचलं. पुढे डॉक्टरांनीच ती हळूहळू कमी केली, आणि एकदा वाढवावीही लागली, कंपनीच्या ऑडिटच्या महिन्यात. त्याचं मला काही वाटलं नाही.

आता तिसऱ्या गेटावरून रोज जातो. छाती अजूनही कधीकधी वाजते, विशेषतः डिस्पॅचच्या दिवशी. फरक असा की पूर्वी ती आठवर पोचल्यावर मला कळायचं, आता दोन-तीनवर असताना जबडा किंवा पोट आधी सांगतं. तेवढ्यात पाण्याची बाटली भरून आणता येते, किंवा फोनवर “दहा मिनिटांनी बोलतो” म्हणता येतं. भाऊ दिवाळीला आला होता. जमिनीचं बोलला नाही, मीही काढलं नाही, फराळ मात्र दोनदा मागून घेतला.

परवा आमचा एक लेथवरचा पोरगा कँटीनमध्ये माझ्याशेजारी येऊन बसला. खानापूरकडचा, खोली करून राहतो. बराच वेळ चहात चमचा फिरवत राहिला आणि मग म्हणाला, “साहेब, तुम्ही त्या डॉक्टरकडे जात होता, ते काय हृदयाचं होतं?” नाही म्हटलं. मग त्याने सांगितलं ते ऐकताना मला त्याच्या हाताकडे बघवेना, डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटं. ओपीडीला लगेच यायला तो तयार नव्हता, घरी कळलं तर लग्नाचं अडेल म्हणाला. त्याला टेली-मानसचा नंबर दिला, १४४१६. मानसिक त्रासासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली फोनसेवा, रात्री-अपरात्रीही चालते, पैसे लागत नाहीत, भाषा निवडता येते. रूमवर एकटा असतो, रात्रीच त्रास होतो, त्याला तेच सोयीचं. त्याने तिथल्या तिथे नंबर मोबाइलमध्ये घातला, ‘गॅस एजन्सी’ या नावाने. मी काही बोललो नाही, माझा आईच्या गुडघ्याचा बहाणा काही फार वेगळा नव्हता.

काल येऊन म्हणाला, फोन केला होता, त्यांनीही एकदा डॉक्टरांना दाखवा म्हणूनच सांगितलं. पुढच्या आठवड्यात मी सुपरवायझरकडून सेकंड शिफ्ट मागून घेतलीय. त्याच्याबरोबर ओपीडीला जायचं तर सकाळ मोकळी पाहिजे, आणि नंबर लावायला साडेआठच्या आत पोचावं लागतं.